अर्धा तास, तीन वस्तू आणि एक मोबाइल

मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचं निदान झालं की घरचे आधी थेरपिस्ट शोधायला लागतात. तालुक्याच्या गावात तो बहुतेक वेळा नसतोच, आणि शहरात मिळाला तरी आठवड्याचे एक-दोन तास. उरलेला सगळा वेळ मूल घरी. तेव्हा खरं काम घरातच व्हायला हवं.

ते घरच्यांना शिकवायला दरवेळी तज्ज्ञच लागतो असंही नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने आईवडिलांनाच शिकवायची ‘पास’ ही पद्धत वापरून पाहिली, तिकडे रावळपिंडीतही तीच. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं होती. १२ बैठका, पंधरवड्याला एक, आणि त्या घेणारे साधे आरोग्य कार्यकर्ते. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. आईवडील मुलाच्या कलाने घ्यायला शिकले, मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. दोघांचं एकाच गोष्टीवर लक्ष राहण्याचा वेळ मात्र कमी झाला, हेही त्याच निष्कर्षांत आहे. चमत्कार नव्हे, पण परवडणारं आणि जमणारं.

पद्धतीचा गाभा म्हणजे व्हिडिओ. मूल आणि आई खेळतात, त्याचं चित्रण होतं आणि मग आई स्वतःलाच बघते. घरी करायचं तर मोबाइल डब्याला टेकवून जमिनीपासून दीड-दोन फुटांवर ठेवा, दोघांचे चेहरे दिसतील असा. उजेड खिडकीकडून चेहऱ्यावर यावा. टीव्ही बंद. खेळायला तीनच वस्तू: साबणाचे फुगे, एक गाडी, दोन वाट्या-चमचे. बाकी खेळणी कपाटात, नाहीतर मूल एकावरून दुसरीवर उड्या मारत राहतं. दहा मिनिटं चित्रण पुरे. रोजचा खेळ अर्धा तास, एका दमात नको, दोन-तीन तुकड्यांत.

पहिल्या आठवड्यात एकच नियम: प्रश्न विचारायचा नाही. व्हिडिओ बघताना आपले प्रश्न मोजा. ‘हा कोणता रंग? गाडी कुठंय? बोल ना बाळा, मामा म्हण!’ दहा मिनिटांत वीस-पंचवीस सहज निघतात आणि आईच चकित होते. प्रश्न म्हणजे परीक्षा. मूल पाठ फिरवतं. त्याऐवजी मूल जे करतंय त्यालाच शब्द द्यायचा. गाडी फिरवतंय? ‘भुर्र’. बोलत नसेल तर एक शब्द, एक शब्द बोलत असेल तर दोन. त्याहून लांब वाक्य वाया जातं.

मग थांबणं. फुग्यांच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून मुलाच्या हातात द्या आणि मनात दहा आकडे मोजा. मूल बाटली परत देईल, तुमचा हात धरून झाकणावर नेईल किंवा नुसतं बघेल. हात ओढणं हेही मागणंच आहे. लगेच ‘उघड’ म्हणून उघडायचं. बहुतेक आया तिसऱ्या आकड्यालाच झाकण काढतात. आजीचं तर विचारूच नका: पाण्याचा पेला तहान लागायच्या आधीच तोंडाशी! मुलाला मागायची गरजच पडत नाही. आजीशी भांडून उपयोग नाही. तिलाच समोर बसवून खेळवा, तिचा व्हिडिओ तिला दाखवा.

कुकरची शिट्टी, मिक्सर, ढोल-ताशा यांनी मूल कान दाबून किंचाळत असेल तर तो हट्ट नव्हे. आधी आवाज कमी करा, शिकवणं नंतर.

कागदांचं थोडक्यात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ (ISAA) ही ऑटिझम मोजायची भारतीय चाचणी होते, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. डॉक्टरांना रोजचं खरं वागणं सांगा, एखाद्या चांगल्या दिवसाचं नको. प्रमाणपत्र हाती आलं की ‘निरामय’ हा सरकारी आरोग्य विमा घ्या. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, ओपीडीतल्या थेरपीलाही मर्यादेत पैसे मिळतात. मूळ बिलं जपा.

एका वस्तीत अशी चार-पाच घरं असतील तर पंधरा दिवसांनी एकत्र बसा. प्रत्येकीने दोन मिनिटांचा तुकडा दाखवायचा, बाकीच्यांनी त्यात काय जमलं तेवढंच सांगायचं. तोवर मुलांना बघायला एखादी मावशी किंवा कॉलेजातली ताई लागेलच, नाहीतर कुणाचंच लक्ष पडद्यावर राहत नाही. बैठक संपली की तुकडे पुसून टाका. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकही जाता कामा नये.