आग्र्याच्या वाटेवरचे बऱ्हाणपूर

सांगलीहून दिल्लीकडे जाणारी गाडी मनमाड, भुसावळ मागे टाकून बऱ्हाणपुरावरून पुढे जाते. ताजमहाल पाहायला निघालेली आपली मंडळी त्या सुमारास चपाती-चटणीचे डबे उघडून बसलेली असतात किंवा झोपलेली असतात. आणि जिच्या कबरीसाठी हा सगळा खटाटोप चालला आहे ती मुमताज महल याच गावी वारली, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. १६३१ च्या जूनमध्ये, चौदाव्या बाळंतपणात, ती बऱ्हाणपूरच्या मुक्कामी गेली. तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत तिला पुरण्यात आले आणि सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेण्यात आला. देहाबरोबर गावाची कीर्तीही तिकडेच गेली, असे म्हणायला हरकत नाही.

मला मात्र बऱ्हाणपूर अधिक आवडले ते कुंडी भंडाऱ्यामुळे. जहांगीराच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या कारकिर्दीत सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करून, एका रांगेतल्या सुमारे शंभर कुंड्यांमधून, केवळ उताराच्या आधारावर शहरापर्यंत आणण्यात आले. तापी उशाशी असताना हा उद्योग कशासाठी, तर शत्रूने नदीत विष कालवले तर शहर तहानेने मरू नये म्हणून. नदीकाठी राहावे, पण सर्वस्वी नदीच्या भरवशावर राहू नये, हा विचार महापुराच्या पातळीच्या खुणा भिंतींवर बाळगणाऱ्या सांगलीकराला समजावून सांगावा लागत नाही. गावात यंत्रमागांचा खडखडाट विट्याची आठवण करून देतो, माव्याची जिलेबी काळपट आणि जड असते, आणि लोक आपल्याला ‘काय पाहिलेत’ असे न विचारता ‘कोणाकडे आलात’ असे विचारतात. नावाजलेल्या शहरात हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तिथे आपण कशासाठी आलो आहोत हे आपल्या आधी त्यांनाच ठाऊक असते.

एवढा मोठा देश. पण आपल्या सहलींच्या याद्या पाहिल्या तर तो दिल्ली, आग्रा, जयपूर आणि दक्षिणेला म्हैसूर, उटी एवढाच उरतो. तंजावर त्या यादीत क्वचितच येते, आणि आले तरी बृहदीश्वराचे उंच शिखर पाहून बस पुढे निघते. याच मंदिराच्या आवारात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत मराठी नाटक उभे केले, हा आमचा जन्मजात अभिमान. मात्र १६८४ पासून तंजावरला राज्य करणाऱ्या शहाजीराजांनी त्याच्या शतकाहून अधिक आधी मराठीत नाटके लिहून ठेवली आहेत, ही गोष्ट तिथे उभे राहून ऐकली की थोडे अवघडल्यासारखे होते. ‘आमचे नाटक राजवाड्यात अडकले नाही’ एवढे समाधान आपण करून घ्यावे. परतीच्या वाटेवर इरोडला उतरून तिथली हळदीची बाजारपेठ पाहिली. हळद त्यांचीही चांगली, पण याहून अधिक कबुली माझ्याकडून मिळणार नाही.

अशा गावांत गैरसोयी असतात, हे खरे. मार्गदर्शक मिळत नाही, फलक पुसट झालेले असतात आणि रिक्षावाल्याला आपण म्हणतो ते ठिकाण ठाऊकच नसते. दाखवण्याची सवय नसलेल्या गावाला त्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही. आम्ही तरी निराळे काय करतो? घरी परगावचा पाहुणा आला की त्याला गणपतीचे मंदिर दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या एसटीत बसवून देतो. मिरजेत भोपळ्याची सतार आकाराला येताना त्याने पाहावी, किंवा मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला तासभर उभे राहावे, असे मी सुचवले, की घरातूनच ठसका लागल्यासारखे हसणे ऐकू येते आणि अंबाबाईच्या दर्शनाची वेळ ठरवली जाते.