दगडांचे किती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मंडळाच्या व्याख्यानात मी टिंबक्टूचा विषय काय काढला, तेव्हापासून ठाण्यात कोर्टनाक्यावर चहा घेताना कोणी ना कोणी विचारतंच, "वकीलसाहेब, लढाईत पाडलेल्या देवळा-दर्ग्यांची भरपाई मिळते का हो? दगडांचा भाव लावतं कोण?"

मिळते, पण क्वचित. माझी सगळी वकिली मोटार अपघाताच्या दाव्यांत गेली, त्यामुळे टिंबक्टूचा निवाडा मला घरचाच वाटला. मालीतल्या टिंबक्टूमध्ये २०१२ साली अल महदी नावाच्या माणसाच्या देखरेखीखाली संतांची नऊ थडगी पाडली गेली आणि सिदी याह्या मशिदीचा दरवाजा फोडला गेला. तो दरवाजा उघडला की जगबुडी, अशी तिथली समजूत. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. २०१६ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा, पुढच्या वर्षी २७ लाख युरोंच्या भरपाईचा हुकूम.

आता त्याची फोड बघा. वास्तूंपोटी फक्त ९७ हजार. लोकांच्या आर्थिक नुकसानीपोटी २१ लाख २० हजार, मनस्तापापोटी ४ लाख ८३ हजार. आमच्याकडे तरी वेगळं काय असतं? स्कूटरचा चक्काचूर झाला तरी तिचं बिल किरकोळ. मोठा आकडा तिच्यावरून कामाला जाणाऱ्याचा. तिथेही ज्यांचं पोटच त्या थडग्यांवर होतं आणि जे त्या संतांचे वंशज, त्यांना वैयक्तिक भरपाई ठरली. माली सरकारला आणि युनेस्कोला मानापुरता एकेक युरो.

अल महदीकडे मात्र दमडी नव्हती. विमा नसलेल्या ट्रकसारखंच प्रकरण! मग पीडितांसाठीच्या निधीतून, म्हणजे देशांच्या आणि देणगीदारांच्या पैशातून, वाटप करावं लागलं.

दुसरं उदाहरण एरिट्रियाचं. मटारा इथला सुमारे अडीच हजार वर्षांचा शिलास्तंभ २००० साली इथिओपियाच्या ताब्यात असताना स्फोटाने पाडला गेला. या दोन देशांच्या युद्धातल्या नुकसानीचे दावे ऐकणाऱ्या लवाद आयोगाने २००९ मध्ये दिले ५० हजार डॉलर. ठाण्यात तेवढ्यात वन रूम किचनही धड येत नाही.

एवढं ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग वसईच्या घंटांचं काय?" १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली तर सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यावर १७२१ साल आहे. कायद्याने उत्तर सोपं. युद्धातल्या सांस्कृतिक ठेव्यावरचा हेग करार १९५४ चा, तो मागे जात नाही. शिवाय त्या हेगच्या न्यायालयाचा भारत सदस्यच नाही.

पण दावा लावायचाच म्हटलं तर मी पहिला कागद मागेन तो वारसांचा. पोर्तुगाल सरकार, की आजही वसईत राहणारी आपली कुपारी ख्रिस्ती मंडळी? इथवर आलं की समोरचा चहाचे पैसे देतो आणि घड्याळ बघतो.