हत्तीण, लांडोर आणि ८ पट वेग: घड्याळ पुन्हा उघडलं

प्राणिसंग्रहालय चालवायचा जो खेळ बनतोय, त्यातल्या दोन घड्याळांची (एक चालीचं, एक कॅलेंडरचं) मांडणी मागच्या नोंदीत पक्की झाली होती. आता एका जुन्या लॅपटॉपवरच्या सेव्ह फाइलने त्यातला घोळ उघडा पाडलाय. ८ पट वेगावर खेळताना हत्तीण पूर्ण दिवस भरून व्यायली, आणि त्या सगळ्या काळात तिला चारा मिळाला सहा वेळा. हिशेबाने नऊ वेळा मिळायला हवा होता.

उजळणीपुरते आकडे: खेळातलं वर्ष २० मिनिटांचं, म्हणजे दिवस ३.२९ सेकंदांचा. कीपर सेकंदाला १.४ मीटर चालतो. २०० मीटरवरच्या पिंजऱ्यापर्यंत पोचायला त्याला १४३ सेकंद, कॅलेंडरवर ४३ दिवस! एकाच घड्याळावर सगळं चालवलं तर प्राणी वाटेकडे डोळे लावून मरतो. म्हणून भूक, शेण आणि पाणी चालीच्या घड्याळावर; वय, गर्भ आणि पगार कॅलेंडरवर. चारा दर ४ मिनिटांनी, हत्तिणीचा गर्भ सुमारे ६६० दिवस, म्हणजे ३६ मिनिटं. नऊ हा आकडा इथून आला.

आता तीन फेऱ्या गेल्या कुठे? खेळ ज्यावर बनतोय त्या गोडो इंजिनमध्ये टाइम स्केल, म्हणजे खेळाचा वेग, ८ केला तरी फिजिक्स टिक (हालचालींचा हिशेब करणारे ठोके) सेकंदाला ६०च राहतात. फक्त एकेक टिक लांबते: ०.०१७ सेकंदाच्या जागी ०.१३३. बिथरलेला झेब्रा सेकंदाला १२ मीटर पळत असेल तर एका टिकमध्ये १.६ मीटर जातो, आणि वाट शोधून देणाऱ्या नेव्हिगेशन एजंटचं पाथ डिझायर्ड डिस्टन्स (वाटेवरच्या बिंदूच्या इतकं जवळ आलं की पोचलं असं धरायचं ते अंतर) मुळात १ मीटर असतं. त्यामुळे झेब्रा बिंदू ओलांडतो, मागे वळतो, परत ओलांडतो आणि तिथेच पिंगा घालत बसतो. ते टाळायला ८ पटीला टिक २४० केल्या, उडी ०.४ मीटरवर आली, झेब्रा सुतासारखा सरळ.

पण एका फ्रेममध्ये (पडद्यावरच्या एका चित्रात) जास्तीत जास्त किती फिजिक्स टिक चालतील याची मूळ मर्यादा ८ आहे. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर प्रत्येकीत ४ टिक लागतात, ३० असतील तर बरोबर ८. त्या लॅपटॉपवर फ्रेम २०वर घसरल्या होत्या. लागतात १२, मिळतात ८, उरलेल्या ४ सोडून दिल्या जातात. म्हणजे कीपर दोन तृतीयांश वेगाने चालत होते, आणि मशीनच्या मिलिसेकंदांवर बांधलेलं कॅलेंडर मात्र पूर्ण वेगाने पळत होतं. नवाचे दोन तृतीयांश सहा. गणित चोख जुळतं, हे त्यातल्या त्यात समाधान.

मर्यादा ८वरून १६ करा, असा सल्ला बरेच जण देतील. तो घेऊ नका. फ्रेम आणखी जड होते, जड फ्रेम आणखी टिक मागते, आणि चक्र सुरू होतं. उपाय एकच: कॅलेंडर टिकवरच चालवायचं, तेही पूर्णांकात. एकक १/१२० सेकंद धरलं. १ पटीला टिक ६०, प्रत्येक टिक २ एककांची. ३ पटीला टिक १२०, एकेक ३ एककांची. ८ पटीला टिक २४०, एकेक ४ एककांची. वर्ष १,४४,००० एककांचं. कुठेही दशांश नाही, आणि सेव्ह-लोड केल्यावर एक एककही इकडेतिकडे होत नाही. मशीन दमलं तर दोन्ही घड्याळं एकत्र दमतात, आणि वेगाच्या बटणाखाली खरा वेग दिसतो: ८ नव्हे, ५.३.

त्याच ओघात चाऱ्याचं बिलही दुरुस्त केलं. वर्षाला ५ फेऱ्या म्हणजे एका फेरीत ७३ दिवसांचा चारा. दिवसाला १५० किलो धरले तर जवळपास ११ टन. वय ५ पट मंद केलं की फेऱ्या २५ होतात. बिल ११ टनांचंच राहिलं तर हत्ती वर्षाला ५५ऐवजी २७४ टन खातो आणि तिजोरीत खडखडाट. आता फेरीचं बिल वर्षातल्या फेऱ्यांनी भागून निघतं. प्लॅनेट झू हा असाच खेळ २०१९मध्ये आला तेव्हाही पिंजरा बांधून होईपर्यंत प्राणी म्हातारा होतो अशी ओरड होती, आणि वय मंद करायची सोय पुढे आली. पण नुसता स्लायडर देऊन भागत नाही. त्याला पैशाची बाजू बांधावी लागते.

हे लिहिता लिहिताच लांडोरीचं गणित खटकलं. अंडी २८ दिवस उबवायची, म्हणजे ९२ सेकंद. ‘अंडी इन्क्युबेटरमध्ये हलवा’ ही सूचना घेऊन कीपर निघतो तो १४३ सेकंदांनी पोचतो; तोवर पिल्लं दाणे टिपतायत. वर्ष लांबवलं तर हत्तीण जन्मभर गाभण. तेव्हा गर्भकाळ सरळ प्रमाणात न घेता वर्गमुळाने घ्यायचा: दिवसांचं वर्गमूळ गुणिले ३० सेकंद. लांडोर १५९ सेकंद, वाघीण (१०५ दिवस) ३०७, जिराफ (४५० दिवस) ६३६, हत्तीण ७७१. चारही आकडे खेळण्याजोगे. तोटा असा की कॅलेंडरवर हत्तिणीचे २२ महिने आठात उरकतात. तिथे तारीख न दाखवता नुसती पट्टी दाखवायची. माहितीच्या पानावर २२ महिने तसेच.

आवाजाचं अजून राहिलंय. टाइम स्केलचा ऑडिओवर परिणाम होत नाही, त्यामुळे ८ पटीला सिंहाचं तोंड अर्ध्या सेकंदात मिटतं आणि डरकाळी पुढे साडेतीन सेकंद चालू. ३ पटीच्या वर सुटे आवाज बंद, फक्त पार्श्वभूमीचा आवाज, असं तूर्त ठरवलंय. विकत घेतलेल्या जिराफाच्या ॲनिमेशनचे पाय घसरतात ते वेगळंच. अशा तयार संचांवर पैसे घालण्यापेक्षा ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये चाल स्वतः बसवलेली बरी.

चाचणीच्या बिल्डमध्ये वर्गमूळ बंद ठेवलंय. ७७१ सेकंदांत चारा तीनदाच पडतो, आणि तीनावर दोन घड्याळांमधली तफावत कळत नाही. सरळ प्रमाणात ८ पटीवर चालवा, फ्रेम मुद्दाम २०वर बांधा आणि हत्तिणीच्या फेऱ्या मोजा. नऊपेक्षा कमी भरल्या तर सेव्ह फाइल पाठवा.