'लघवी 3 वेळा' म्हणजे किती?

आईच्या हॉस्पिटलच्या फाइलमधल्या इनटेक-आउटपुटच्या (पोटात किती पाणी गेलं, लघवी किती झाली) कागदाची झेरॉक्स मी अजून जपून ठेवलीय. रात्री 10 ते सकाळी 6 च्या रकान्यात एवढंच लिहिलंय: 'लघवी 3 वेळा'. मिलीचा आकडा नाही. तो रकाना पाहिला की आजही माझं डोकं फिरतं.

सांधेदुखीसाठी आई सात-आठ महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होती. बरं वाटतंय म्हणून एक दिवस कुणाला न विचारता तिने त्या बंदच केल्या. मग उलट्या, चक्कर, आणि एका संध्याकाळी मलाच विचारलं, "तू कोण?" रक्तातलं सोडियम निघालं 117, असायला हवं 135 ते 145. ऍडमिशन, विम्याचे कागद कसे पार पडले ते आता आठवतही नाही.

पहिल्या रात्री दिवसभरात एक लिटरच पाणी, असा हुकूम होता. सिस्टरनी ओठांना ओला कापूस लावायला आणि चूळ भरून टाकायला शिकवलं. बर्फाचा तुकडा दिला तरी त्याचं निम्मं पाणी धरून लिहायचं, हेही त्यांनीच सांगितलं. सकाळी 8 ला सोडियम 119. कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, गोळ्या अचानक बंद केल्याने कमी पडलंय का, हे तपासायला रक्त काढून घेतलं आणि मगच त्याची भरपाई करणारं हायड्रोकॉर्टिसोन दिलं.

दिवसपाळीच्या सिस्टरनी तेव्हाच मला बजावलं होतं. कॉर्टिसॉल कमी असलं की शरीर पाणी धरून ठेवतं. औषध पोचलं की ते धरलेलं पाणी भसाभस बाहेर पडतं आणि सोडियम उसळी मारतं. ते 24 तासांत 8 पेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही, नाहीतर मेंदूला इजा होते आणि तिची लक्षणं काही दिवसांनी दिसतात. "भांडं पटापट भरायला लागलं किंवा लघवी पाण्यासारखी दिसली, की मला हाक मारा." त्यांच्या पाळीत प्रत्येक वेळी मापाच्या जारमध्ये ओतून आकडा लिहिला जायचा. 80 मिली. 110 मिली.

पाळी बदलली आणि जार बेसिनखाली गेला. वॉर्डातल्या मावशी भांडं थेट संडासात रिकामं करत होत्या. मी म्हटलं, मोजा ना. "सकाळी लिहू हो, आजी झोपल्यात ना." दुसऱ्यांदा भांडं काठोकाठ भरलं होतं, रंग जवळजवळ नाहीच. ते मी पाहिलं होतं. तरी हाक मारली नाही, कारण दोन रात्रींचं जागरण होतं आणि मला डुलकी लागत होती. त्यात माझा स्वतःवरचाही राग आहे, लपवत नाही.

सकाळी 6 ला सोडियम 131, म्हणजे 22 तासांत 12 ने वर. डॉक्टरांनी विचारलं, "रात्री किती झाली?" सगळे त्या कागदाकडे बघत राहिले. मग उलटी गाडी: 5 टक्के डेक्स्ट्रोजची सलाइन, लघवी रोखणारं डेस्मोप्रेसिनचं इंजेक्शन, दर दोन तासांनी रक्त. मधे एकदा रिपोर्ट आला 112! सगळ्यांची धावाधाव. शेवटी कळलं, सलाइन चालू असलेल्या हातातूनच रक्त काढलं होतं, त्यात सलाइन मिसळून आकडा खोटा आला. रक्त दुसऱ्या हातातून घ्या, हे नातेवाइकाने तोंड उघडून सांगितलं तर काही बिघडत नाही. संध्याकाळपर्यंत सोडियम 126 वर आलं. आईला पुढेही काही झालं नाही.

हो, घरी आल्यावर: गोळी परस्पर बंद करायची नाही, ताप आला तर डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे डोस वाढवायचा, आणि उलटीने गोळी पोटात टिकत नसेल तर वाट न बघता इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा.

सोडियम 126 वर आलं त्या रात्री मी जार उशाशीच घेऊन बसलो. मोबाइलमध्ये टिपत गेलो: 2.10 ला 90 मिली, 4.35 ला 120. मावशी हसल्या. 6 वाजता रात्रपाळीच्या सिस्टर आल्या, म्हणाल्या, "द्या तो मोबाइल," आणि माझे आकडे एकेक करून रकान्यात उतरवून घेतले.