झाडाच्या पाटीवर काय लिहायचं?

आमच्या कॉलेजच्या आवारातल्या झाडांना पाट्या लावायचं ठरलं आणि मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पाटी वहीच्या पानाएवढी, अक्षर चार-पाच फुटांवरून वाचता आलं पाहिजे. म्हणजे जेमतेम तीस-पस्तीस शब्द. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी प्रत्येक झाडाचं टिपण दिलं होतं. माहिती चोख, पण बहुतेक टिपणांची सुरुवात 'हा मध्यम ते मोठ्या आकाराचा पानझडी वृक्ष असून' अशी. नाव झाकलं तर पांगारा कुठला नि पळस कुठला, कळू नये.

मग तीच कसोटी धरली. नाव झाकून वाचायचं आणि जे वाक्य शेजारच्या झाडालाही चालेल, ते गाळायचं. उंची गेली, 'बहुगुणी' गेलं. 'औषधी' तर पहिल्या झटक्यात गेलं. आपल्याकडे औषधी नाही असं झाड कुठलं? शिवाय अर्जुनाची साल औषधी म्हणून पाटीवर लिहिलं की लोक ती सोलायलाच लागतात.

खरी अडचण पुढेच होती. पाटी बारा महिने उभी राहणार, फुलं थोडे दिवस. ताम्हण म्हटलं की महाराष्ट्राचं राज्यफूल, उन्हाळ्यातला जांभळा बहर, हे लिहायलाच हवं. पण डिसेंबरात पाटीपुढे उभं राहिलेल्यानं बघायचं काय? ताम्हणावर तेव्हा वाळून तडकलेली बोंडं असतात, ती लिहिली. काटेसावरीची पाटी शेवटी अशी झाली: 'कोवळ्या खोडावर शंकूसारखे जाड काटे, झाड जून झालं की बरेच झडतात. फेब्रुवारी-मार्चात पानं नसताना लाल फुलं. तेव्हा वर बघा, मधासाठी मैना-बुलबुलांची झुंबड असते. उन्हाळ्यात बोंडं फुटून कापूस उडतो.'

वावळ्याला मी बियांचे पापुद्र्यासारखे पंख लिहून मोकळा झालो होतो. माळीकाका म्हणाले, "अहो साहेब, पान चुरगाळून हुंगा ना, लगेच ओळखाल." हुंगलं. उग्र, विसरता न येणारा वास. ते वाक्य जसंच्या तसं उचललं, फक्त पानाच्या आधी 'खाली पडलेलं' घातलं. नाहीतर पोरांनी झाडाचा खराटा केला असता.

पळसाला 'पानं तीनच, मोजून बघा' एवढंच पुरे, असं माझं मत. सर म्हणाले, शास्त्राप्रमाणे पान एकच, तीन असतात त्या पर्णिका. खरंच आहे. वर म्हण आणि खाली 'एका देठावर तीन पर्णिका', अशी तडजोड झाली. शास्त्रीय नाव प्रत्येक पाटीवर हवंच, यावर मात्र सर ठाम होते, आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतंच.

अडलंय ते कैलासपतीवर. समितीतल्या एका काकांना फुलाच्या आकारावरून 'शिवलिंगावर नागाचा फणा' हे शब्द हवेत. मला हवंय: 'मूळचा दक्षिण अमेरिकेतला. फुलं शेंड्याला नाही, खोडातूनच फुटलेल्या फाट्यांवर. फळं तोफगोळ्याएवढी, खाली उभं राहू नका.' दोन्ही मजकूर एका पाटीवर मावत नाहीत. पेंटरला तेवढी एक पाटी वगळून बाकीच्या रंगवायला दिल्यात.