सा.क्र. १४/३०० म्हणजे आपला ओढा
आज देवळात बसून नव्या रस्त्याचा पर्यावरण अहवाल वाचला. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार मराठी सारांश द्यावाच लागतो, तो दिलाय. पण 'सा.क्र. १४/३००, बॉक्स कल्व्हर्ट' यातून कुणाला काय कळणार? सा.क्र. म्हणजे साखळी क्रमांक; रस्ता सुरू होतो तिथून १४ किलोमीटर ३०० मीटरवर मोरी, एवढाच त्याचा अर्थ. गावनकाशावर खूण केली, तर तो आपलाच ओढा! मग प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली. पाणी तुंबलं तर खाचरांचं काय? एका मावशींनी मोरीची उंची विचारली, म्हशी पलीकडे न्यायच्यात म्हणून. अहवालात उंची आहे, म्हशी नाहीत. जनसुनावणीआधी किमान ३० दिवसांची सूचना असते. तेवढ्या दिवसांत असा खूण केलेला नकाशा प्रत्येक वाडीत लागलाच पाहिजे. आणि आपले प्रश्न लेखी द्या, पोच घ्या.