वणीला पांढरे कपडे नेऊ नका

वणी म्हटलं की आमच्याकडे लोक सप्तशृंगीचं दर्शन झालं का विचारतात. ती नाशिकची. ही यवतमाळ जिल्ह्यातली, निर्गुडा नदीकाठची. कापसाची आणि कोळशाची. लोकनायक बापूजी अणे 1880 साली इथेच जन्मले. लग्नघर, रंगनाथ स्वामींचं देऊळ आणि तर्रीपोहे (चव अफलातून, पण पोटात संध्याकाळपर्यंत जाळ) यांतच सुरुवातीचे दिवस संपले. लॉजबद्दल न बोललेलंच बरं.

डोक्यात बसला तो घुग्घुसकडचा रस्ता. कोळशाचे टिप्पर एकामागून एक, ताडपत्री नावापुरती. बाभळी, पाट्या, दुकानांची शटरं, सगळ्यांना एकच रंग. माझ्या कुर्त्यालाही तोच चढला. चिडचिड करतच एका सोयऱ्यांच्या वावरात पोचलो.

वेचणी चालू होती. बाया कमरेला ओटी बांधून दोन्ही हातांनी बोंडं रिकामी करत होत्या. मीही एक बोंड तोडलं. लांबून पांढरंशुभ्र. पाकळी उकलली तर आतल्या वळीत बारीक काळी रेघ, आणि अंगठ्याला काजळी.

"धूळ बसली का व्यापारी गाडीत हात घालते, अन् म्हन्ते माल मळका हाय. मंग भाव पाडते," काका म्हणाले.

मी शहरी तावात विचारलं, तक्रार का करत नाही?

ते हसले. त्यांची काही जमीन आधीच खाणीत गेलीय. सरकारी कोळसा कंपन्यांच्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी बसते; त्यात थोरला लागला. "आता बोंब मारू कोनावर? खानीवर का पोराच्या पगारावर?"

तेवढ्यात खाणीतल्या सुरुंगाचा भोंगा झाला. थोड्या वेळानं पायाखालची जमीन हादरली. मी दचकून उठलो. बायांचे हात थांबलेसुद्धा नाहीत. पलीकडे सपाट माथ्याचा मातीचा डोंगर दिसत होता. उघड्या खाणीत कोळशापर्यंत जायला वरचं सगळं उपसावं लागतं, आणि सगळ्यात आधी निघते ती ही कापसाची काळी माती. पुढाऱ्यांच्या भाषणात शेती आणि खाण जोडीनं नांदतात. इथं एक दुसरीला गिळते आणि वर पगारही देते. अशा खाणीला शिव्या तरी कशा द्यायच्या, हे मला कळेना.

जेवायला घरी नेलं. ज्वारीची भाकरी, तुरीच्या सोल्यांची भाजी, ठेचा. सगळी भांडी झाकलेली. वाढण्यापुरतं झाकण उघडायचं, लगेच बंद. आग्रह मात्र असा की पाहुण्यानं श्वास कधी घ्यायचा?

धाकटा बारावी होऊन घरीच आहे. वेचणीची मजुरी वहीत मांडता मांडता काका म्हणाले, उरलेलं वावरही खाणीत गेलं तर त्याचंही जमून जाईल.

माझ्या ताटात तिसरी भाकरी टाकत काकूंनी ठणकावलं, "वावर नाई द्याचं."